मिलर निकाल जुन्या कैद्यांपर्यंत कसा पोहोचला

तुमच्या प्रश्नाचे तीन भाग आहेत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये मिलर निकालात अठरा वर्षांखालच्या गुन्हेगारांना सक्तीने पॅरोलविना जन्मठेप देणे घटनाबाह्य ठरवले. मग त्याआधी तशी शिक्षा झालेले सगळे सुटले का? आधीच संपलेल्या खटल्यांना नवा निकाल लागू होतो तो कुठल्या नियमाने? आणि भारतात असे काही घडते का?

पुण्यात फौजदारी वकिली करून मी नंतर पेनसिल्व्हेनियात आले. शिक्षा कायम झालेल्या कैद्यांच्या याचिका हेच आता माझे काम आहे, त्यामुळे हा विषय मी निकालपत्रांत जेवढा वाचला तेवढाच तुरुंगाच्या भेटीच्या खोलीतही पाहिला आहे. थोडक्यात उत्तर असे की, सगळे सुटले नाहीत. निकाल जुन्यांना लागू होतो की नाही हे ठरायलाच साडेतीन वर्षांहून अधिक काळ गेला. ठरले तेव्हा त्यांच्या हाती आली ती सुनावणी, सुटका नव्हे. त्या सुनावणीत काय घडते हे कोणत्या राज्यात, कोणत्या जिल्ह्यात आणि कोणत्या वकिलाच्या हाती प्रकरण आहे यावर अवलंबून राहिले. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातली खरी अडचण तिथे आहे, म्हणून मी त्यावर जास्त लिहिणार आहे.

आधी दोन शब्दांचा खुलासा करते, कारण महाराष्ट्रातल्या वाचकाची इथे हमखास गल्लत होते. आपल्याकडे कैदी ‘पॅरोलवर’ येतो म्हणजे घरातले लग्न, मयत, आजारपण अशा कारणाने काही दिवसांची रजा घेऊन येतो आणि परत आत जातो. अमेरिकेतला पॅरोल म्हणजे शिक्षेचा उरलेला काळ बाहेर, देखरेखीखाली काढण्याची परवानगी. परत जायचे नसते, अट मोडली तरच जावे लागते. दुसरे, आपल्याकडे जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे हा गैरसमज घट्ट बसलेला आहे. कायद्याने आपल्याकडेही जन्मठेप आयुष्यभराचीच असते, पण शासनाला शिक्षेत सूट देता येते. पेनसिल्व्हेनिया किंवा लुइझियानात मात्र जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत आत, आणि गव्हर्नरची दया सोडली तर दुसरा मार्ग नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला ही शिक्षा झाली तर तो तुरुंगात म्हातारा होऊन तिथेच मरणार, हे शिक्षा सुनावतानाच ठरलेले असते.

२५ जून २०१२ रोजी दिलेल्या मिलर विरुद्ध अलाबामा या निकालाने यातल्या फक्त एका गोष्टीला हात घातला: सक्ती. तेव्हा २८ राज्यांत आणि केंद्रीय कायद्यात काही खुनांसाठी ही शिक्षा आपोआप लागत असे. आरोपी चौदा वर्षांचा आहे, घरात मार खाऊन वाढला आहे, गोळी त्याने झाडलेलीच नाही, यातले काहीही न्यायाधीशाला विचारात घेता येत नसे. मिलरसोबत अर्कान्सासचे जे दुसरे प्रकरण निकाली निघाले, त्यातला मुलगा चौदा वर्षांचा होता. व्हिडिओचे दुकान लुटायला तो दोन साथीदारांबरोबर गेला आणि सुरुवातीला बाहेर थांबला. दुकानातल्या बाईवर गोळी दुसऱ्याने झाडली. तरीही लुटीदरम्यान झालेल्या खुनाला सगळे सारखेच जबाबदार, या नियमाने त्यालाही तीच शिक्षा. न्यायमूर्ती एलेना केगन यांनी पाच विरुद्ध चार मतांनी लिहिलेला निकाल सांगतो की, मुलाला एवढी शेवटची शिक्षा देण्याआधी त्याचे वय, अपरिपक्वता, घरची परिस्थिती, गुन्ह्यातला त्याचा नेमका वाटा, मित्रांचा दबाव, पोलिसांपुढे स्वतःचा बचाव करण्यातली असमर्थता आणि सुधारण्याची शक्यता पाहिलीच पाहिजे. शिक्षा पूर्ण बंद झाली नाही. बंद झाला तो आपोआपपणा.

याची पायाभरणी आधीच्या दोन निकालांत झाली होती. २००५ मध्ये अल्पवयीनांची फाशी गेली, २०१० मध्ये खुनाव्यतिरिक्तच्या गुन्ह्यांसाठीची पॅरोलविना जन्मठेप गेली. या दोन्ही वेळी जुन्या कैद्यांचा वाद फारसा पेटला नाही, कारण तिथे ती शिक्षाच नाहीशी झाली होती. ज्याला फाशी देताच येत नाही त्याला त्याचे अपील कधी संपले यावरून फाशी देऊ, असे कोण म्हणणार? मिलरने मात्र शिक्षा ठेवली आणि ती देण्याची रीत बदलली. सगळा गुंता इथून सुरू झाला.

आता तुमचा दुसरा प्रश्न, म्हणजे नियम. अमेरिकेत खटल्याला एक ‘अंतिम’ क्षण असतो: थेट अपिलाच्या सगळ्या पायऱ्या संपल्या की शिक्षा अंतिम होते. सर्वोच्च न्यायालयाने नवा घटनात्मक नियम सांगितला तेव्हा ज्याचे अपील चालू आहे, त्याला तो मिळतोच. १९८७ च्या ग्रिफिथ निकालाने हे पक्के झाले आहे. ज्याचे अपील संपले आहे, त्याला पुन्हा दार ठोठवायचे तर वेगळी याचिका करावी लागते, आणि तिथे १९८९ चा टीग विरुद्ध लेन हा निकाल आडवा येतो. टीग म्हणतो की, नवे नियम संपलेल्या खटल्यांना लागू होणार नाहीत. नाहीतर दर नव्या निकालाबरोबर वीस-तीस वर्षांपूर्वीचे खटले उकरावे लागतील, साक्षीदार मेलेले असतील, आणि कुठल्याही शिक्षेला शेवट राहणार नाही. याला दोन अपवाद ठेवले. नियम ‘सारभूत’ असेल, म्हणजे एखादे कृत्य गुन्हाच राहत नसेल किंवा एखाद्या वर्गातल्या माणसांना एखादी शिक्षा देताच येत नसेल, तर तो मागेही लागू होतो. दुसरा अपवाद न्यायप्रक्रियेचा पायाच बदलणाऱ्या नियमाचा. पण तो टीगनंतर एकदाही कुणाला मिळाला नाही, आणि २०२१ मध्ये एडवर्ड्स विरुद्ध व्हॅनॉय या निकालात न्यायालयाने तो अपवादच मोडीत काढला.

म्हणजे मिलर सारभूत की प्रक्रियेचा, या एका प्रश्नावर दोन हजारांहून अधिक माणसांचे आयुष्य टांगले गेले. सरकारी पक्षाचे म्हणणे साधे होते आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते: मिलर फक्त म्हणतो की आधी वय बघा, मग शिक्षा द्या. तीच शिक्षा आजही देता येते. मग ही प्रक्रियाच, आणि टीगनुसार जुन्यांना नाही.

राज्यांची सर्वोच्च न्यायालये दुभंगली. आयोवा, मॅसॅच्युसेट्स, इलिनॉय, नेब्रास्का, टेक्सास, फ्लोरिडा यांनी जुन्यांना फायदा दिला. मिसिसिपीनेही दिला, हे मुद्दाम सांगते, कारण दक्षिणेतली राज्ये सगळी एका बाजूला होती असा समज करून घेऊ नये. पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, लुइझियाना, मिनेसोटा, अलाबामा, कोलोरॅडो यांनी नाकारला. पेनसिल्व्हेनिया, मिशिगन आणि लुइझियाना या तीन राज्यांतच असे कैदी सर्वाधिक होते, म्हणून नकाराचा भार आकड्यांनी फार मोठा होता. एकट्या फिलाडेल्फिया शहरातून अशी शिक्षा झालेले तीनशेहून अधिक लोक आत होते. जगातल्या कुठल्याही शहराशी तुलना केली तरी हा आकडा मोठाच ठरतो, कारण अल्पवयीनांना पॅरोलविना जन्मठेप देणारा अमेरिकेखेरीज दुसरा देश उरलेलाच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातले ३७ वे कलम ही शिक्षा स्पष्टपणे नाकारते. भारताने तो करार १९९२ मध्ये स्वीकारला, अमेरिकेने अजून मान्य केलेला नाही.

या विभागणीतला अन्याय डोळ्यांपुढे यावा म्हणून एकाच राज्यातली दोन प्रकरणे घ्या. पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयात २०१३ मध्ये बॅट्स आणि कनिंगहॅम ही दोन प्रकरणे निकाली निघाली. दोघेही गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन, दोघांनाही आपोआप लागलेली तीच शिक्षा. बॅट्सचे थेट अपील २५ जून २०१२ ला प्रलंबित होते, त्याला फेरसुनावणी मिळाली. कनिंगहॅमचे आधीच संपले होते, त्याला नकार. फरक मुलांत नव्हता, गुन्ह्याच्या क्रौर्यातही नव्हता. फरक अपिलाच्या फायलीवरच्या तारखेत होता. आणि अपील लवकर संपण्याची कारणे काय असतात हे आमच्या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे: वकिलाने अपील पुढे नेलेच नाही, घरच्यांकडे पैसे नव्हते, मुलाला मुदत म्हणजे काय हेच कळले नाही. ज्याचा बचाव सर्वांत वाईट झाला त्याचे अपील सर्वांत आधी संपते. टीगचा नियम अशा माणसावर सर्वांत जड पडतो, आणि माझा त्या नियमाला मूळ आक्षेप हाच आहे.

शिवाय एक गोष्ट नकार देणाऱ्या न्यायालयांना नीट सांगताच आली नाही. वर सांगितलेल्या अर्कान्सासच्या मुलाचे अपील केव्हाच संपलेले होते. त्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले ते शिक्षा अंतिम झाल्यानंतरच्या याचिकेतून, आणि तरी मिलरच्या दिवशीच त्याला दिलासा मिळाला. संपलेल्या खटल्यातल्या एकाला फायदा आणि बाकीच्यांना नाही, हे कसे? आमच्यासारख्या सगळ्यांच्या याचिकांत हा मुद्दा पहिल्या पानावर असे.

शेवटी निवाडा झाला तो लुइझियानाच्या हेन्री मॉन्टगोमेरीच्या प्रकरणात. १९६३ च्या नोव्हेंबरात, सतरा वर्षांचा असताना, त्याने ईस्ट बॅटन रूजमध्ये एका डेप्युटी शेरीफला गोळी घालून मारले. तो शाळा चुकवून बाहेर होता. मॉन्टगोमेरी कृष्णवर्णीय, मृत अधिकारी गोरा, आणि तो काळ दक्षिणेतल्या वांशिक तणावाचा. पहिल्या खटल्यात फाशी झाली. बाहेरच्या वातावरणामुळे निष्पक्ष खटला होऊ शकला नाही म्हणून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती १९६६ मध्ये रद्द केली. दुसऱ्या खटल्यात ज्यूरीने फाशीविना दोषी ठरवले आणि पॅरोलविना जन्मठेप आपोआप लागली. त्याच्या बालपणाबद्दल न्यायालयापुढे एक शब्द मांडायची संधी नव्हती, कारण मांडून उपयोगच नव्हता. पुढची पाच दशके तो अँगोला तुरुंगात होता. मिसिसिपी नदीच्या काठी, एकेकाळी गुलामांच्या श्रमावर चाललेल्या मळ्याच्या जमिनीवर उभा असलेला तो तुरुंग आहे.

२५ जानेवारी २०१६ रोजी न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांनी सहा विरुद्ध तीन मतांनी दोन गोष्टी ठरवल्या. पहिली अधिकारक्षेत्राची, आणि वकिलांच्या दृष्टीने तीच अधिक दूरगामी. सारभूत नियम मागे लागू करणे ही केंद्रीय न्यायालयांनी स्वतःपुरती घालून घेतलेली शिस्त नाही, ती राज्यघटनेचीच मागणी आहे. राज्यांच्या न्यायालयांनाही ती बांधते. घटनेने जी शिक्षा देण्याची सत्ताच सरकारला दिलेली नाही, ती शिक्षा खटला जुना झाला म्हणून वैध होत नाही. दुसरी गोष्ट: मिलर सारभूत आहे. कारण मिलरचा अर्थ केवळ ‘वय बघा’ इतका नाही. सुधारणेपलीकडे गेलेल्या अगदी विरळा मुलाखेरीज इतर सगळ्या मुलांना ही शिक्षा अतिरेकी आहे, आणि ज्यांचा गुन्हा वयाच्या अपरिपक्वतेतून घडला त्या संपूर्ण वर्गाला ती देता येत नाही.

न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी विरोधात लिहिलेले मत वाचायलाच हवे. त्यांचे म्हणणे असे की, बहुमताने मिलर लागू केला नाही, तो नव्याने लिहिला; आणि पन्नास वर्षांपूर्वीचा सतरा वर्षांचा मुलगा सुधारणेपलीकडचा होता की नव्हता हे आज कुणी ठरवू शकत नाही, म्हणून राज्ये कंटाळून पॅरोलच देतील, हाच यामागचा हेतू आहे. मी कैद्यांच्या बाजूने काम करते, तरी सांगते की मिलरबाबतची त्यांची टीका निराधार नाही. २०१२ चा निकाल पुन्हा वाचा. त्यात ‘ही प्रक्रिया पाळा’ असा सूर ठळक आहे. केनेडींचा निष्कर्ष मला योग्य वाटतो, पण त्याला लागणारा आधार त्यांनी मिलरमधून ओढून काढला, आणि त्या ओढाताणीची किंमत पाच वर्षांनी चुकवावी लागली. त्याकडे पुढे येते.

निकालातल्या एका परिच्छेदाने मात्र जमिनीवरचे सगळे चित्र ठरवले. न्यायालय म्हणाले, प्रत्येकाची शिक्षेची सुनावणी नव्याने घेणे बंधनकारक नाही. राज्याने या कैद्यांना पॅरोलसाठी पात्र केले तरी पुरे. राज्यांवर बोजा पडू नये हा हेतू समजण्यासारखा आहे. पण यामुळे दोन अगदी निराळे रस्ते तयार झाले. न्यायालयातल्या फेरसुनावणीत वकील असतो, साक्षीदार असतात, तज्ज्ञ असतो, कारणे लिहिलेला निकाल असतो, त्यावर अपील असते. पॅरोल मंडळापुढे अनेक राज्यांत यातले जवळपास काहीच नसते. मंडळ वीस मिनिटांत नाही म्हणू शकते.

मॉन्टगोमेरीचेच बघा. ज्याच्या नावाने निकाल झाला तो निकालानंतर जवळजवळ सहा वर्षे आतच होता. २०१७ मध्ये न्यायाधीशाने त्याला पॅरोलसह जन्मठेप दिली आणि तो आदर्श कैदी असल्याचे नोंदवले. २०१८ मध्ये मंडळाने पॅरोल नाकारला. पुरेसे सुधारणा-वर्ग केले नाहीत हे एक कारण होते. आयुष्यभरासाठी आत असलेल्यांना तसे वर्ग कित्येक दशके उपलब्धच नव्हते! २०१९ मध्ये पुन्हा नकार: तीन सदस्यांचे एकमत लागे आणि एकाचे मत विरोधात गेले. २०२१ च्या नोव्हेंबरात, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, सत्तावन्न वर्षांहून अधिक कैद भोगून तो बाहेर आला.

पेनसिल्व्हेनियाने फेरसुनावणीचा मार्ग घेतला, म्हणून तिथले तपशील मी अधिक खात्रीने सांगू शकते. निकाल आला आणि पहिली धावपळ मुदतीची होती. तेव्हाच्या राज्य कायद्याप्रमाणे नवा हक्क मान्य झाल्यापासून ६० दिवसांत याचिका दाखल व्हायला हवी, म्हणजे २५ मार्च २०१६ च्या आत. आत चाळीस वर्षे काढलेले, धड लिहिता न येणारे, वकील नसलेले लोक. त्यांच्यापर्यंत ही तारीख पोहोचवण्यासाठी बचाव वकील, स्वयंसेवी संस्था आणि तुरुंगातले जाणते कैदी यांनी मिळून काम केले. हक्क मान्य होणे आणि तो मुदतीत मागता येणे यांत किती अंतर असते हे मला तिथे दिसले.

नंतरचे काम म्हणजे एका मुलाचे बालपण कागदावर उभे करणे, तेही ते संपून चार-पाच दशके झाल्यावर. शाळा बंद पडलेली असते. रुग्णालय दुसऱ्या संस्थेत विलीन झालेले असते आणि जुने केसपेपर नष्ट केलेले असतात. आई वारलेली, भाऊ सापडत नाही, शिकवणाऱ्या बाई नव्वदीच्या. मग बाल कल्याण विभागाची एखादी जुनी नोंद, धाकट्या बहिणीच्या आठवणी, शेजाऱ्याचे शपथपत्र, मूळ खटल्यातला पोलिसांनी घेतलेला जबाब: तो पालकांविना रात्री किती तास घेतला, आत कोण होते. हे वकिलाचे एकट्याचे काम नव्हेच. यासाठी पार्श्वभूमी शोधणारे सामाजिक कार्यकर्ते असतात, आणि त्यांच्याशिवाय उभी राहिलेली सुनावणी मला आजही अपुरी वाटते.

दुसरा भाग तुरुंगातल्या वर्तनाचा. फाइल उघडली की पहिल्या सात-आठ वर्षांत शिस्तभंगाच्या नोंदी भरपूर असतात. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा मोठ्यांच्या तुरुंगात टाकला आणि कधीच बाहेर जाणार नाहीस असे सांगितले, तर तो कसा वागेल? मग पंचविशीच्या आसपास नोंदी विरळ होत जातात आणि पुढे पानेच्या पाने कोरी. बहुतेक फायलींत हा उतार मी पाहिला आहे. मेंदूच्या वाढीबद्दल तज्ज्ञ जे सांगतात आणि मिलरने ज्याचा आधार घेतला, ते इथे तुरुंगाच्या कारकुनाने नकळत नोंदवून ठेवलेले असते. न्यायाधीशांवर तज्ज्ञाच्या साक्षीपेक्षा याचा परिणाम जास्त होतो असा माझा अनुभव आहे.

तिसरा भाग, ज्याबद्दल लोक कमी बोलतात: मृताचे कुटुंब. त्यांना एकदा सांगितले गेले होते की हा माणूस कधीच बाहेर येणार नाही, प्रकरण संपले. आता सरकारी वकिलाच्या कार्यालयातून फोन येतो की पुन्हा सुनावणी आहे. हा त्यांच्यावर झालेला खरा आघात आहे आणि तो नाकारून आमची बाजू मोठी होत नाही. काही कुटुंबे ठाम विरोध करतात. काही जण उलट त्याला सोडा म्हणून उभे राहतात. काहींना काहीच नको असते, फक्त फोन नको असतो. मला वाटते, चूक त्यांना दिलेल्या वचनात होती. चौदा वर्षांच्या मुलाबद्दल असे वचन द्यायची सत्ता राज्याला नव्हती. पण ते ऐकताना त्यांना काय वाटत असेल याची जाणीव ठेवूनच ते म्हणावे लागते.

निकाल काय लागले? फिलाडेल्फियात जिल्हा सरकारी वकिलांनी बहुतेक प्रकरणांत मुदतीची शिक्षा सुचवली, आणि मोठ्या संख्येने लोक बाहेर आले. तिथल्या सुटलेल्यांवर माँटक्लेअर स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास आहे: १७४ जण सुटले होते, त्यांपैकी सहा जणांना पुन्हा अटक झाली आणि दोघे दोषी ठरले. अभ्यास झाला तेव्हा बाहेर येऊन फार काळ लोटला नव्हता, हे लक्षात ठेवूनही हा आकडा बोलका आहे. पेनसिल्व्हेनियातलाच जोसेफ लिगॉन १९५३ मध्ये पंधराव्या वर्षी आत गेला. २०१७ मध्ये त्याला पॅरोलची पात्रता मिळाली, पण आयुष्यभर देखरेखीखाली राहणे त्याला मान्य नव्हते. त्याने पॅरोल मागितलाच नाही आणि न्यायालयात लढला. फेब्रुवारी २०२१ मध्ये तो ८३ वर्षांचा होऊन, ६८ वर्षांनी, कुठल्याही अटीविना बाहेर आला. मिशिगनमध्ये उलट चित्र होते. तिथे सरकारी वकिलांनी निम्म्याहून अधिक जुन्या कैद्यांसाठी पुन्हा तीच पॅरोलविना जन्मठेप मागितली. जी शिक्षा विरळा मुलांसाठी राखून ठेवा असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, ती अर्ध्याहून अधिकांसाठी कशी मागता येते, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर मिळालेले नाही.

आता स्कॅलियांच्या टीकेची किंमत. एप्रिल २०२१ मध्ये जोन्स विरुद्ध मिसिसिपी या प्रकरणात न्यायालयाने, आता बदललेल्या रचनेत, सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितले की मुलगा कायमचा सुधारणेपलीकडचा आहे असा वेगळा निष्कर्ष न्यायाधीशाने नोंदवणे आवश्यक नाही. शिक्षा सक्तीची नाही, न्यायाधीशाच्या विवेकावर आहे, आणि वय मांडता आले, एवढे घटनेला पुरेसे. मिलर आणि मॉन्टगोमेरी रद्द केले नाहीत, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे जुन्यांना मिळालेली फेरसुनावणीची संधी शाबूत राहिली. पण मॉन्टगोमेरीने मिलरला सारभूत ठरवताना जो गाभा सांगितला होता, तोच रिकामा झाला. न्यायमूर्ती सोटोमेयर यांचे विरोधी मत नेमके यावर बोट ठेवते. पेनसिल्व्हेनियात २०१७ च्या दुसऱ्या बॅट्स निकालाने अशा शिक्षेविरुद्ध गृहीतक निर्माण केले होते, म्हणजे ती द्यायची तर ती योग्य का हे सरकारी पक्षाने सिद्ध करायचे. जोन्सनंतर २०२२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते संरक्षण मागे घेतले.

त्यामुळे आज खरी प्रगती राज्यांच्या कायद्यांतून आणि राज्यांच्या घटनांतून होते आहे. निम्म्याहून अधिक राज्यांनी अल्पवयीनांची पॅरोलविना जन्मठेप पूर्णच बंद केली आहे. मॅसॅच्युसेट्सने जानेवारी २०२४ मध्ये आपल्या राज्यघटनेच्या आधारे हे संरक्षण अठरा ते वीस वयापर्यंत वाढवले. दुसरीकडे, ‘जन्मठेप’ हा शब्द न वापरता दिलेल्या लांबलचक शिक्षांचा प्रश्न लोंबकळतो आहे. मिसुरीत सोळाव्या वर्षीच्या सशस्त्र लुटीसाठी एकाला २४१ वर्षांची शिक्षा झाली होती. पॅरोलचा विचार व्हायला त्याला शंभरी ओलांडावी लागली असती. सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही; राज्याने २०२१ मध्ये कायदा बदलला तेव्हा कुठे तो सुटला.

तुमचा तिसरा प्रश्न भारताचा. आपला कायदा या बाबतीत अमेरिकेपेक्षा सरळ आहे, आणि श्रेय संसदेचे आहे. १९८६ च्या बालन्याय कायद्यात मुलगा सोळा वर्षांपर्यंतच अल्पवयीन होता. २००० च्या कायद्याने, जो २००१ मध्ये लागू झाला, ती मर्यादा अठरा केली. २००१ च्या आधी गुन्हा केलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना हे लागू होते का, यावर वाद झाला, आणि २००५ च्या प्रताप सिंग निकालाने ते मर्यादित केले. २००६ च्या दुरुस्तीने संसदेने तो प्रश्न मिटवला; २००९ च्या हरी राम निकालाने ती दुरुस्ती पूर्वलक्षी असल्याचे स्पष्ट केले. अल्पवयाचा दावा कोणत्याही न्यायालयात, कोणत्याही टप्प्यावर, प्रकरण अंतिमतः निकाली निघाल्यावरही करता येतो. २०१५ च्या कायद्याचे नववे कलम हेच सांगते. एकविसावे कलम तर विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या, बालकाला फाशी किंवा सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेप देण्यास मनाई करते. टीगसारखी भिंत इथे नाही.

आपली अडचण वेगळी आहे: वयाचा कागद. पुण्यात १९९४ मध्ये झालेल्या सात जणांच्या हत्येच्या प्रकरणात फाशी झालेल्या एका कैद्याचा दावा मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला. राजस्थानातल्या शाळेच्या नोंदीवरून गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता असे ठरले. कायद्याने त्याला जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवता आले असते. तो अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ आत होता, त्यातला मोठा काळ फाशीच्या छायेत. हक्क कायद्यात होता, पूर्वलक्षीही होता. पण शाळेचे रजिस्टर शोधून न्यायालयापुढे ठेवायला कुणीतरी लागते.

तुम्ही कायद्याचे विद्यार्थी असाल आणि याच क्षेत्रात यायचा विचार असेल, तर निकालपत्रांच्या बरोबरीने हे काम शिका. जन्मनोंद ग्रामपंचायतीत मिळते की नगरपालिकेत, शाळा सोडल्याचा दाखला आणि पहिल्या प्रवेशाचे जनरल रजिस्टर यांत तारीख जुळते का, दोन शाळा असतील तर पहिली कोणती, हे तपासायला शिका. कायद्याने दिलेला क्रमही लक्षात ठेवा: आधी शाळेचा किंवा परीक्षा मंडळाचा दाखला, तो नसेल तर स्थानिक संस्थेची जन्मनोंद, दोन्ही नसतील तरच हाडांच्या तपासणीसारखी वैद्यकीय चाचणी. वैद्यकीय चाचणीतून वयाचा अंदाज मिळतो, तारीख मिळत नाही. म्हणून मूळ रजिस्टर जिथे असेल तिथे स्वतः जा, मुख्याध्यापकांकडून साक्षांकित प्रत घ्या आणि नोंद कुणाच्या सांगण्यावरून झाली होती तेही विचारून ठेवा, कारण उलटतपासणीत पहिला प्रश्न तोच येतो.